गळका बूट

(पुण्यात प्रौढांच्या साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज वर्गाला आलो आणि मी दारातच थांबलो. बाहेर चपलांची रांग होती. त्या रांगेत काळ्या गमबुटांचा एक जोड होता. त्यातला एक बूट आबांनी उचलला आणि उलटा केला. आतून तांब्याभर पाणी पडलं.

मी विचारलं, "आबा, बूट गळतोय काय हो?"

आबा म्हणाले, "गळतोय गुरुजी. पण एवढंसंच भोक आहे. चालतंय."

मंडळी, मी आज तुम्हाला पोस्टाच्या खात्याविषयी सांगणार होतो. ते पुढच्या वेळी सांगेन. आज मी गळक्या बुटाविषयी बोलणार आहे. कारण "चालतंय" हा शब्द एकदा मीही बोललो होतो, आणि तो मला फार महाग पडला.

माझे गाव मुळशी तालुक्यात आहे. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आमची भातशेती आहे. माझा धाकटा भाऊ शेती बघतो. मी शिकायला म्हणून पुण्यात आलो आणि शिक्षक होऊन इथेच राहिलो. आवणीच्या दिवसांत मात्र मी गावी जातो.

एका वर्षी असाच गेलो होतो. भावाने त्याचा गमबूट माझ्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "दादा, हा घोट्यापाशी गळतोय. पुण्याला नेऊन नीट करून आणशील का?"

मी भोक बघितलं. सुईच्या टोकाएवढं होतं. मी म्हटलं, "अरे, एवढ्याशा भोकानं काय होतंय? आवणी उरकू दे. मग बघू."

भाऊ गप्प बसला. मी मोठा, त्यातून मास्तर. माझा शब्द त्याने मानला.

पुढचे आठ-दहा दिवस तो तेच बूट घालून खाचरात उभा राहिला. सकाळी बूट घातला की तासाभरात आत पाणी भरे. संध्याकाळी पाय बाहेर काढला की कातडी पांढरी पडलेली आणि सुरकुतलेली असे. बोटांच्या बेचक्यात चीर पडली होती. टाचेला बूट घासून फोड आला होता. त्याने कोणाला सांगितलं नाही. "बूट घातलाय ना, मग कसली भीती?" असं त्याला वाटे.

मग त्याला ताप आला. डोकं ठणकू लागलं. पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की त्याला उभं राहवेना. घरच्यांना वाटलं, पावसात भिजला, कामाने अंग मोडलं. तीन दिवस काढा दिला. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, मग पिवळे दिसू लागले. तेव्हा त्याला गाडीत घालून पुण्याला आणला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हा पाण्यात काम करतो का?" मग पाय बघितले. म्हणाले, "लेप्टो दिसतोय. रक्त तपासू. पण औषध आताच सुरू करू."

तेरा दिवस भाऊ दवाखान्यात होता. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हाताने तो वाचला. आमची आवणी शेजाऱ्यांनी केली. दोन खाचरे तशीच पडून राहिली.

मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, हे बुटाच्या भोकामुळे झालं का?"

ते म्हणाले, "गुरुजी, जंतू नेमका कुठून शिरला ते कोणी सांगू शकत नाही. पण पायाला जखम होती, आणि तो जखमेचा पाय रोज दिवसभर त्या पाण्यात भिजत होता. एवढं खरं."

मंडळी, त्या दिवसापासून मी कोणाच्या गळक्या बुटाला "चालतंय" म्हणत नाही.

हा ताप कसा येतो?

या तापाचे पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. नाव अवघड आहे. लोक नुसते "लेप्टो" म्हणतात. १८८६ साली जर्मनीतल्या वाइल नावाच्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले. याचे जंतू उंदरांच्या लघवीत असतात. गाई-म्हशी, कुत्री, डुकरे यांच्याही लघवीत असू शकतात. ती लघवी पाण्यात आणि चिखलात मिसळते. तिथे माणसाचा पाय पडला आणि पायाला चीर, खरचटा किंवा फोड असला, तर जंतू आत शिरतो. पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही तो शिरू शकतो. ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. म्हणून पाण्यातले काम आणि ताप यांची सांगड माणसाच्या ध्यानात येत नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक पुराच्या पाण्यातून कोसभर चालत घरी गेले. त्यानंतरच्या दिवसांत मुंबईत या तापाचे पुष्कळ रोगी निघाले. शहरातली ही गोष्ट. खाचरात तर आपण तसल्या पाण्यात रोजच उभे असतो.

म्हणून गमबूट घालायचा. त्याने पायाला काटा, पत्रा, काच लागत नाही. घाण पाणी लागत नाही. साप बहुतेक वेळा पायाला आणि पोटरीलाच चावतो. तिथेही बूट आडवा येतो.

पण बूट गळका असला तर? अनवाणी माणूस निदान पाय जपून टाकतो. मधूनमधून बांधावर येऊन पाय पुसतो. गळका बूट घातलेला माणूस निर्धास्त असतो. आत पाणी साचते, ते तिथेच राहते. ओला पाय बुटात घासतो, फोड येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, याचे पाय झाकलेले आहेत. गळका बूट असा फसवतो.

भोक कसे शोधावे?

मी शिकत होतो तेव्हा पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. सकाळी रस्त्याने नुसत्या सायकली वाहत. मीही संध्याकाळी एका सायकलच्या दुकानात काम करून शाळेचा खर्च भागवला. पंक्चर काढायला मी तिथे शिकलो. म्हणजे बघा, ज्याला शेकडो पंक्चर काढता आले, त्यानेच सख्ख्या भावाच्या बुटाचे एक भोक बुजवले नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे झाले.

बुटाची दुरुस्ती म्हणजे पंक्चर काढणेच आहे. फरक एवढाच की ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवतात, आणि बुटात पाणी भरून तो बाहेरून बघतात.

पहिल्यांदा बूट आतून-बाहेरून स्वच्छ धुवा. बाहेरची बाजू फडक्याने कोरडी करा. बूट जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा आणि त्यात काठोकाठ पाणी भरा. पाच मिनिटे बघत बसा. जिथे थेंब फुटेल तिथे भोक. घोट्यापाशी बूट जरा वाकवून बघा. काही चिरा वाकवल्यावरच उघडतात. भोक सापडले की त्याभोवती खडूने किंवा पेनाने गोल काढा. बूट वाळल्यावर ते भोक तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुटाला आतून कापडाचे अस्तर असते. पाणी अस्तरातून इकडेतिकडे पसरते. पाय अंगठ्यापाशी ओला झाला म्हणून भोक अंगठ्यापाशी असेलच असे नाही. ते टाचेलाही असू शकते. म्हणून भोक बाहेरूनच शोधावे.

चार जागा नीट बघा. घोट्याची घडी, तळ आणि वरचा भाग यांचा सांधा, अंगठ्याची बाजू आणि टाच. बूट बहुधा इथेच फुटतो.

दुसरी रीत अंधाराची. रात्री दिवा मालवा. बॅटरी पेटवून बुटात घाला. भोक असेल तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. परदेशात बदकांची शिकार करणारे आणि थंड नदीत मासे धरणारे लोक छातीपर्यंत येणारे रबरी बूट घालतात. त्यांना वेडर म्हणतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, पण तळ्यात, नाल्यात उतरणाऱ्या कामगारांकडे असे लांब बूट कधीकधी असतात. ते पाण्याने भरले तर उचलवत नाहीत. त्यांना ही बॅटरीची रीत चांगली.

आधी वाळवा

भोक सापडले की लगेच ठिगळ लावावेसे वाटते. तसे करू नका. ओल्या जागेवर ठिगळ टिकत नाही. पाणी ओतून टाका. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दोन-तीनदा बदला. बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवा. निदान एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्या. अस्तराची ओल लवकर जात नाही. घाई म्हणून चुलीपाशी ठेवू नका. रबर तापून कडक होते आणि तडकते.

आणखी एक काम. बूट रबराचा आहे की प्लॅस्टिकचा, ते बघा. हल्ली बाजारात मिळणारे पुष्कळ गमबूट प्लॅस्टिकचे असतात. बुटाचा तळवा उलटा करून बघा. तिथे पी, व्ही, सी अशी तीन इंग्रजी अक्षरे असतील तर तो प्लॅस्टिकचा. तुम्ही वाचायला शिकलात त्याचा हा उपयोग बघा. मास्तरीणबाईंकडून ही तीन अक्षरे आज फळ्यावर लिहून घ्या आणि वहीत उतरवा. अक्षरे नसली तर दुकानदाराला विचारा.

रबरी बुटाचे ठिगळ

सामान थोडेच लागते. पॉलिश पेपर, सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन आणि पंक्चरचा तयार पॅच. सायकलच्या कोणत्याही दुकानात हे मिळते. पुण्यात येणे झाले तर रविवार पेठेत बोहरी आळीत असले सामान पाहिजे तेवढे आहे. पॅच नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापा.

ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठे घ्या. त्याचे कोपरे गोल कापा. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी उचलतो, आणि कोपरा उचलला की ठिगळ गेलेच.

भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासा. चकाकी गेली पाहिजे. जागा काळी-करडी आणि खरखरीत झाली पाहिजे. ट्यूबचा तुकडा असेल तर त्याचीही चकाकी अशीच घालवा. भुकटी कोरड्या फडक्याने पुसून काढा. मग त्या जागेला बोट लावू नका. बोटाचे तेलही सोल्यूशनला चालत नाही.

आता सोल्यूशन लावा. बुटाला लावा, ट्यूबच्या तुकड्यालाही लावा. तयार पॅच असेल तर त्याच्या पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचा. थर पातळ असावा. जाड थराने जास्त चिकटते ही समजूत चुकीची आहे. लावल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा. फुंकर मारू नका. कडेला बोट लावून बघा. बोटाला चिकटेनासे झाले की ठिगळ बसवा. एकदाच, नेमके बसवा. बसवल्यावर सरकवू नका. आत लाकडाचा ठोकळा धरा आणि बाहेरून मधून कडेकडे दाबत न्या. हातोडीने हलके ठोका. मग बूट एक दिवस तसाच ठेवा.

तळाचा सांधा उसवला असेल तर काडीने सांध्याच्या आत सोल्यूशन पसरा. जरा वाळू द्या. मग दाबून बसवा आणि जुन्या ट्यूबची पट्टी बुटाभोवती घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा.

सोल्यूशन पेट घेते. जवळ चूल, दिवा, विडी नको. दार उघडे ठेवून काम करा. त्याचा वास मुलांना वाईट. काम झाले की झाकण लावून उंचावर ठेवा.

प्लॅस्टिकच्या बुटाचे काय?

प्लॅस्टिकच्या बुटाला सायकलचे सोल्यूशन नीट धरत नाही. आज बसलेले ठिगळ दोन दिवसांनी निघते, आणि लोक म्हणतात, "दुरुस्ती टिकत नाही." दुरुस्ती टिकते, औषध चुकलेले असते. दुकानात पीव्हीसीला चालणारा, वाळल्यावरही लवचीक राहणारा डिंक मागा. ठिगळही त्याच जातीचे हवे. टाकून दिलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या बुटाचा तुकडा घ्या. घासणे, पुसणे, वाळवणे हे सगळे आधीसारखेच. डिंकाच्या डबीवर किती वेळ थांबायचे ते लिहिलेले असते. ते वाचा.

शेतातल्या पाइपाचे सोल्यूशन घरात असते म्हणून ते लावू नका. ते कडक होते. घोट्याच्या घडीवर चार पावलांत तडकते. क्षणात चिकटणाऱ्या डिंकाचेही तेच. आणि तापलेल्या सळईने प्लॅस्टिक वितळवून भोक बुजवू नका. तो धूर छातीला घातक आहे.

दुरुस्ती झाली की पुन्हा बुटात पाणी भरून बघा. कागद कोरडा राहिला तरच बूट खाचरात न्या. ही परीक्षा चुकवू नका. मास्तर असलो तरी परीक्षेचे महत्त्व उगाच सांगत नाही.

कोणता बूट टाकून द्यावा?

प्रत्येक बूट दुरुस्त होत नाही. वाकवल्यावर सगळीकडे जाळीसारख्या बारीक चिरा दिसल्या, तर रबर म्हातारे झाले असे समजा. तळवा झिजून पातळ झाला असेल, तीन-चार जागी गळत असेल, तर ठिगळावर पैसे घालू नका.

रबर म्हातारे का होते? १८३९ साली अमेरिकेत गुडइयर नावाच्या माणसाला शोध लागला की रबरात गंधक घालून तापवले तर ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही. त्यामुळेच रबराचे बूट टिकाऊ झाले. पण ऊन, हवा, तेल आणि रॉकेल हे अजूनही रबराचे वैरी आहेत. म्हणून बूट उन्हात टाकू नका. त्याला तेल चोळू नका. वापरल्यावर चिखल धुवा. दोन खुंट ठोकून त्यावर बूट उलटे टांगा. हंगाम संपला की घडी न घालता, आत कागद भरून, उंदरांपासून दूर ठेवा.

आणि सकाळी बूट घालण्याआधी तो उलटा करून झटका. आत विंचू बसलेला असतो. कोकणात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून पुष्कळ जीव वाचवले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण एक झटका मारला तर डॉक्टरांकडे जायची वेळच येणार नाही.

शेवटी एवढेच

बूट चांगला असला तरी पायाची काळजी सोडू नका. जखम झाकून मगच पाण्यात उतरा. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसा. पावसाळ्यात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर काढ्यावर दिवस काढू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना सांगा, "मी पाण्यात काम करतो." हे वाक्य पाठ करा. घरातल्या बायकांनाही शिकवा. आवणीला त्याच जास्त वाकतात, आणि बूट घ्यायची वेळ आली की घरात एकच जोड येतो, तोही पुरुषाच्या मापाचा. मोठा बूट चिखलात रुततो, पाय बाहेर येतो. म्हणून त्यांच्या मापाचा वेगळा जोड घ्या.

माझा भाऊ आज ठणठणीत आहे. दर वर्षी रोहिणी नक्षत्र लागले की तो घरातले सगळे बूट ओटीवर मांडतो आणि एकेकात पाणी भरतो. मी गावी असलो तर शेजारी बसतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा मी त्याला म्हटलं, "त्या वर्षी मी चुकलो रे." तो म्हणाला, "जाऊ दे दादा. पॉलिश पेपर दे इकडे."

आबा, तुमचा बूट आज माझ्याकडे राहू द्या. आज वाळवू. उद्या संध्याकाळी वर्गाआधी अर्धा तास सगळे या. मी सामान आणतो. ठिगळ मात्र तुम्ही लावायचं, मी नुसता बघेन.